घर नावाचा रकाना

३ मार्च, सोमवार

नवं गाव, नवी नोकरी, नवी वही. जुन्या वहीवर सामान हलवताना शाई सांडली आणि वहीबाई निजधामास गेल्या. चौदा वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारता सुधारता डोळ्यांचा पार भुगा झाला, आणि आता मिळाली आहे ती चक्क खेळ खेळायची नोकरी. बाबा सकाळी म्हणाले, अडतिसाव्या वर्षी खेळायला बोलावणारा माणूस भेटला म्हणजे एक तर तो खुळा असला पाहिजे, नाही तर तू. मी म्हटलं, दोघंही असलो तर जोडी जमेल.

तिसऱ्या मजल्यावर लांबट हॉल आहे, पडदे ओढलेले, भिंतीला लागून बारा संगणक. खेळाचं नाव ‘मुलूख’. खेळणारा एका टेकडीवर जागा होतो आणि तिथून त्याने वाटेल तिकडे जावं. जंगल, किनारा, पडकी गढी, गुहा. आता डावीकडे वळ असं सांगायला कुणी नाही. कथा आहे, पण ती बाजूला ठेवून महिनाभर नुसतं उंडारलं तरी चालतं. माझं काम तेच, उंडारण्याचं. मुलुखाच्या एकेका कोपऱ्यात जायचं, तिथे काय सापडलं ते लिहायचं, काहीच नसेल तर ‘रिकामा’ असा शेरा मारायचा. मग एक प्रोग्रॅम आपणहून तिथे काहीतरी आणून ठेवतो. त्याला सगळे ‘वाटप्या’ म्हणतात. ज्याने तो लिहिला तो माणूस केव्हाच सोडून गेला.

आमचे प्रमुख सगळं फळ्यावर खडूने समजावतात म्हणून त्यांचं नाव मास्तर. त्यांचा एकच नियम : वाट सोडणाऱ्याला काहीतरी मिळालंच पाहिजे. तो त्यांनी मला तीनदा ऐकवला. मग एक फॉर्म दिला. नाव, टेबल क्रमांक, घर. घराच्या रकान्यात मी मजला, डावा दरवाजा, पायरीजवळची कुंडी, सगळं लिहिलं. अर्धवट पत्ता लिहिणाऱ्यांची मला चीड आहे.

या गावी आलो ते मुख्यतः बाबांसाठी. इथले डॉक्टर विसरण्याच्या आजारातले जाणकार आहेत. पन्नास वर्षं शिलाई मशीन चालवलेला माणूस आता दूध गॅसवर ठेवून विसरतो. पण मला विसरत नाहीत. मला ‘मोजपट्टी’ म्हणतात. लहानपणी ते मशीनवर बसले की मी त्यांच्या गळ्यात पडून असायचे. एका बाजूला टेप, एका बाजूला मी. जोवर ते मला या नावाने हाक मारताहेत तोवर सगळं ठीक आहे, असं मी ठरवून टाकलंय.

५ मार्च, बुधवार

शेजारच्या टेबलाशी ओळख झाली. हा नकाशावाला. मुलुखातले डोंगर, नद्या, पायवाटा सगळं त्याच्या हातचं. किडकिडीत, शांत, बोलताना समोरच्याच्या खांद्यापलीकडे बघतो. त्याचं आणि मास्तरांचं जुनं भांडण आहे. मास्तर म्हणतात, माणूस आडवाटेला गेला, धापा टाकत कड्यावर चढला, तर वर काहीतरी ठेवलेलं हवं. नकाशावाला म्हणतो, कड्यावरून जे दिसतं तेच बक्षीस. प्रत्येक दगडाखाली नाणं ठेवलं तर माणूस मुलूख बघायचं सोडून दगड उलथत बसेल.

मला त्याचं पटलं. पण मास्तरांनी चाचणीचे कागद पुढे केले. वीस जणांना खेळायला बसवलं होतं. सतरा जण त्या कड्यावर गेले, खाली पसरलेला समुद्र बघितला आणि लिहून आले : ‘वर काहीच नाही.’ समुद्र म्हणजे काहीच नाही! मला हसू आवरेना. नकाशावाला मात्र हसला नाही.

त्याच्या टेबलावर त्याचा आणि एका बाईचा फोटो आहे. तिने त्याचा हात धरलाय, दोघं दात काढून हसताहेत. विचारलं, वहिनी का? तर म्हणाला, कोण ते आठवत नाही, फोटो चांगला आलाय म्हणून ठेवलाय. असले कोरडे विनोद करणारी माणसं मला आवडतात.

७ मार्च, शुक्रवार

आज सतरावी तलवार सापडली. अरे किती तलवारी! झाडाच्या ढोलीत तलवार, विहिरीत तलवार, एका बिचाऱ्या मेंढपाळाच्या झोपडीत तीन. माझ्याआधी जी बाई या कामावर होती तिने चारशे कोपरे तपासले, ते बहुतेक तलवारींनी आणि नाण्यांनी भरलेले आहेत. पुढचे दोनशे माझे. धबधब्यामागे एक गुहा मिळाली, आत चिटपाखरू नाही. ‘रिकामा’ असा माझा पहिला शेरा मारला. उगाच ऐटीत सही करावीशी वाटली.

बाबा खूश आहेत. सकाळी आरशासमोर दाढी करताना शीळ वाजवतात, तीच ती जुनी, मध्येच घसरणारी. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाते म्हणे.

१० मार्च, सोमवार

गंमत झाली. धबधब्यामागच्या गुहेत पुन्हा गेले, वाटप्याने काय ठेवलंय बघायला. एक निळा कप! कान तुटलेला, काठाला तपकिरी रेघ. थेट बाबांचा चहाचा कप. पंचवीस वर्षं दुसऱ्या कपाला तोंड लावलं नाही त्यांनी. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तलवारीपेक्षा लाखपटीने चांगलं. दमून गुहेत शिरावं आणि तिथे कुणाचातरी वापरातला कप असावा, याला म्हणतात बक्षीस. मास्तरांना सांगितलं, तेही खूश. म्हणाले, तुझे कोपरे जिवंत वाटतात. मी फुशारून आणखी चार शेरे मारले.

घरी आले तर बाबा स्वयंपाकघरातली सगळी कपाटं उघडी टाकून उभे. कप सापडत नाही. मी म्हटलं, सामानाच्या खोक्यात राहिला असेल. ते म्हणाले, सकाळी त्यातूनच प्यायलो. आता त्यांच्या ‘सकाळी’वर किती विश्वास ठेवायचा?

१३ मार्च, गुरुवार

गढीच्या तळघरात बटणांचा डबा. झाकणावर घासून घासून निम्मी उरलेली फुलं. उघडता येतो. आत चपटी, शिंपल्याची, कोटाची मोठी काळी बटणं. आणि एक लाल, हृदयाच्या आकाराचं, जे आईने कधीच कुठल्या कपड्याला लावू दिलं नाही.

असली बटणं जगात एकाच डब्यात आहेत.

किनाऱ्यावरच्या होडीत गजराचं घड्याळ. चारच्या आकड्यावर ओरखडा. तो माझ्याच हातचा.

मला वाटलं, सामान हलवणाऱ्यांपैकी कुणी इथल्या माणसाला वस्तूंचे फोटो दिले असतील. काय वाट्टेल ते सुचतं माणसाला. घरी डबा नव्हता, घड्याळ नव्हतं. मी बाबांवर ओरडले. वस्तू कुठे नेऊन टाकता, मला वेड लावणार आहात का, असं बरंच काही बोलले. बाबा म्हणाले की त्यांनी टाकल्या असतील तर त्यांना माफ करावं, त्यांना आठवत नाही. माझी मलाच लाज वाटली. अजून वाटते आहे.

१७ मार्च, सोमवार

देवराईसारख्या एका दाट झाडीत शिरले. जमिनीवर काहीच नव्हतं, पण कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये आवाज आला. शीळ. मध्येच घसरणारी.

पडद्यावर खाली अक्षरं उमटली : ‘तुम्हाला शीळ सापडली.’

हेडफोन काढून ठेवला.

१८ मार्च, मंगळवार

बाबांनी दाढी केली. आवाज नाही. मी दाराशी उभी राहून वाट बघितली. शेवटी म्हटलं, बाबा, शीळ नाही वाजवली आज? त्यांनी ओठांचा चंबू करून बघितला. नुसता वारा. माझ्याकडे बघून कसनुसं हसले आणि विचारलं की ती कशी वाजवतात.

डॉक्टरांना फोन केला. त्यांच्या मते हे असंच होत जाणार, एकेक गोष्ट गळत जाणार, मी मनाची तयारी ठेवावी. बोलले ते मायेने. पण कप कसा गळतो, डॉक्टर?

१९ मार्च, बुधवार

नकाशावाल्याला जिन्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. तो हसला नाही, मला वेड्यात काढलं नाही. माझा पहिल्या दिवसाचा फॉर्म मागितला. वाचला. मग पायरीवर बसून समजावू लागला.

मुलुखाचा नकाशा चौकोनांत कापलेला आहे. बुद्धिबळाच्या पटावर म्हणतात तसं इथे चौकोनाला ‘घर’ म्हणतात. फॉर्ममधला रकाना त्यासाठी आहे : माझ्या रिकाम्या कोपऱ्यांसाठी वाटप्याने वस्तू कुठल्या घरातून उचलायच्या. लोक लिहितात, घर चाळीस, घर बावन्न. तिथल्या तलवारी संपत नाहीत.

मी माझा पत्ता लिहिला. कुंडीसकट.

वाटप्या शून्यातून काही बनवत नाही, तो इथून तिथे नेतो. दिलेलं घर पटावर आहे की नाही हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि स्वतःची पहिली सापडली ती ही.

रकाना बदला म्हटलं. बदलता येतो, पण त्याने एकदा माणसांच्या भरल्या घरात पाय ठेवला की त्याला दुसरं भरलं घरच द्यावं लागतं. माझ्याआधीच्या बाईचीही अशीच चूक झाली होती. तिने सुटका करून घेतली. कुणाचं घर लिहून, ते मी विचारलं. तो टेबलावरच्या फोटोबद्दल बोलू लागला. ती कोण असेल याचा तो रोज थोडा वेळ विचार करतो म्हणाला.

त्या आधीच्या बाईचा राग नाही येत, असं विचारलं.

“रागवायला काहीतरी आठवायला तर हवं,” तो म्हणाला.

आजपासून एकही शेरा मारणार नाही. दहा तारखेला मारलेल्या शेऱ्यांपैकी एक कोपरा भरायचा राहिलाय. तो पुसता येत नाही.

२० मार्च, गुरुवार

सकाळी तिथे गेले. सगळ्यात उंच कडा, समुद्रावरचा. कड्याच्या टोकाला काहीच नव्हतं. मग अक्षरं उमटली.

‘तुम्हाला मोजपट्टी सापडली.’

टेप नव्हती. कुठलीही वस्तू नव्हती. नुसता शब्द.

मी तशीच पळत घरी. किल्ली आत राहिली होती, बेल वाजवली. बाबांनी साखळी न काढता दार फटीएवढं उघडलं. नीट बघितलं माझ्याकडे, सभ्यपणे.

“कोण पाहिजे आपल्याला?”

२१ मार्च, शुक्रवार

मला ‘बाई’ म्हणतात. अहो बाई, पाणी देता का. देते.

मास्तरांसमोर हात जोडले. ते म्हणाले, थकली आहेस. वर म्हणाले की समुद्रावरचा कडा आता झकास झालाय, नवे चाचणीवाले तिथे पोचून रडले, का ते त्यांनाही कळलं नाही. अठ्ठावीसला खेळ गोठवणार. मग कुणालाच काही हलवता येणार नाही. हजारो माणसं येतील आणि बाबांचं एकेक उचलून नेतील.

त्याआधी परत आणायचं. नकाशावाल्याने अदलाबदलीचं पान दाखवलं. तराजू आहे. एका पारड्यात जे परत हवं ते, दुसऱ्यात त्याच्या वजनाचं तुमचं काही लिहायचं. कोपरा रिकामा राहता कामा नये एवढंच. दुसऱ्या कुणाचं घर लिहिणार नाही. तो फोटो रोज डोळ्यांसमोर असतो. देईन ते माझं.

२४ मार्च, सोमवार

कपाच्या बदल्यात माझं शाळेतलं धावण्याचं पदक. पारडी सारखी झाली. घरी गेले तर बाबा निळ्या कपातून चहा पीत होते, कप कधी हरवलाच नव्हता अशा थाटात. मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

घड्याळाच्या बदल्यात छत्री आणि खुर्ची ठेवून बघितली. हलेना. आईने शिवलेला माझा निळा झगा ठेवला. घड्याळ आलं.

बटणांच्या डब्यापुढे वस्तू चालेनात. मग मी लिहिलं : पोहता येणं. झर्रकन खाली गेलं.

मला पोहता येत होतं, असं वर लिहिलंय म्हणून कळतंय.

२५ मार्च, मंगळवार

शिळेच्या बदल्यात जिवलग मैत्रीण दिली. तिची ओळख, तिच्याशी झालेली भांडणं, सगळं. अशी कुणीतरी होती. बरी असावी.

सकाळी दाढी करताना शीळ. मध्येच घसरली. देवा.

पण दार उघडून मला बघितलं की शीळ थांबते. परक्या बाईसमोर लाजतात.

२६ मार्च, बुधवार

आता एकच उरलं. त्या शब्दाच्या बदल्यात छापखाना ठेवला, चौदा वर्षं. काटा ढिम्म. शाळा. बालपणीचं अंगण. ढिम्म. ठेवलेलं परत मिळत नाही हे आधी कुणी—

आईचा आवाज ठेवला.

अर्ध्यापर्यंत आलं. फक्त अर्ध्यापर्यंत.

२७ मार्च, गुरुवार

बाबांनी पिशवी भरली होती. दोन सदरे, कात्री, निळा कप. कुठे निघालात म्हटलं. घरी, म्हणाले.

“माझी मुलगी वाट बघत असेल हो. मी नसलो की ती जेवत नाही.”

दारात आडवी उभी राहिले. ते घाबरले. मला घाबरले. हात जोडून सोडा म्हणाले.

नाही बघवत.

दुपारी परत हॉलमध्ये. नकाशावाला माझ्या मागे उभा होता. मला माहीत आहे काय हवंय ते. ते मला एका नावाने हाक मारतात. मी त्यांना एका नावाने. वजन सारखंच असणार. असायलाच हवं.

उद्या गोठवणार.

ते मला ओळखतील. त्यांना त्यांची मुलगी मिळेल. घाबरणार नाहीत. एवढं झालं की—

लिहिते. दोनच अक्षरं आहेत.

२८ मार्च, शुक्रवार

खेळ गोठवला. सगळ्यांना दुपारीच सोडलं. शेजारच्या टेबलावरच्या नकाशावाल्याने जाताना माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत. का ते कळलं नाही.

घरात एक म्हातारे गृहस्थ आहेत. आरशासमोर शीळ वाजवत होते. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मीच अवघडले. मोजपट्टी म्हणाले मला. हे यांना कुणी—

भले वाटतात. डोक्यावरून हात फिरवायला आले. मी मागे सरकले. चेहरा केवढासा झाला त्यांचा.

मागची पानं चाळली. अक्षर माझंच. पानोपानी एक शब्द आहे. ब ला काना, ब ला काना. वाचता येतो. अर्थ लागत नाही. लिहिताना झालेली चूक म्हणावी तर इतक्यांदा—

ते समोर येऊन बसलेत. हळू आवाजात विचारताहेत, काय झालं गं, मोजपट्टी. डोळे भरलेत त्यांचे. माझेही का भरावेत—

विचारायला हवं. विचारते.

अहो, तुम्ही माझे